फणीचं पान

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी रॉस्को स्टोवॉलच्या घरापुढे गाड्यांची रांग लागते, आणि दरवर्षी गावातलं कुणीतरी मला खोचकपणे विचारतंच, "काय नेल्डा, आले का तुझे तलवारवाले?" मी म्हणते, आले. तुमच्या चर्चच्या जेवणाला शेजारच्या गावातून कुणी फिरकत नाही, माझ्याकडे ओहायोहून येतात. मग ते दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

आमच्या पश्चिम टेक्सासमध्ये बघण्यासारखं काही नाही. तेलाचे पंप, वारा, धूळ. रॉस्को इथेच जन्मला, तेलाच्या कंपनीच्या गोदामात नट-बोल्ट आणि पाइप मोजत दिवस काढायचा आणि उरलेल्या वेळात टाइपरायटरवर, पिवळ्या कागदांवर हाल्ड्रकच्या गोष्टी बडवायचा. हाल्ड्रक म्हणजे उत्तरेच्या डोंगरातला रानटी गडी. कमरेला कातडं, हातात तलवार, आणि वाटेत येईल त्या मांत्रिकाचं मुंडकं धडावेगळं. स्वस्तातल्या मासिकांत त्या छापून यायच्या. सदतीस साली, एकोणतिसाव्या वर्षी, रॉस्को न्यूमोनियाने गेला. मागे राहिली एक पत्र्याची पेटी, तिच्यात न छापलेले कागद, आणि पंधरा वर्षांची बहीण, आयव्हा.

शिकलेली माणसं या गोष्टींना हसतात. हसू देत. ओडेसाला ट्रक दुरुस्त करणारा हेक्टर बारेरा एकदा मला म्हणाला, "मिस नेल्डा, मी दिवसभर येस सर, येस सर करतो. हाल्ड्रक कुणालाच येस सर म्हणत नाही. घरी जाऊन वीस पानं वाचली की मान जरा सरळ होते." सत्तर वर्षांपूर्वीच्या या गोष्टी लोक अजून का वाचतात, यावर मोठमोठे लेख आलेत. मी ते वाचलेत. हेक्टरच्या पलीकडे कुणी काही सांगितलेलं नाही.

माझीही मान अशीच सरळ झाली होती. सहासष्ट साली मी सव्वीस वर्षांची, गावच्या साप्ताहिकात मयताच्या बातम्या टाइप करायची. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाला कुठून तरी त्या पेटीचा सुगावा लागला. भडक चित्रांच्या पुठ्ठ्याची पुस्तकं तेव्हा धडाधड खपत होती. त्यांनी आयव्हाला पत्र घातलं, आयव्हाने मला बोलावलं. पेटीतले कागद लावायचे, जुळवायचे आणि पाठवायचे, एवढंच काम. ते कागद वाचताना मी जेवणही विसरायची. आमच्याच रस्त्यावरच्या, खोकून खोकून बेजार झालेल्या एका माणसाने ते लिहिलं होतं, हे मला खरंच वाटत नव्हतं.

सगळ्यात चांगली गोष्ट होती 'खाऱ्या सरोवरातला मांत्रिक'. पण तिचं शेवटचं पान नव्हतं. पेटी उलटीपालटी केली, गादीखाली बघितलं, नाहीच. प्रकाशकाने स्पष्ट कळवलं होतं, अर्धवट गोष्टी नकोत. म्हणजे ही गोष्ट कचऱ्यात. मग एका दुपारी आयव्हा कामावर गेली असताना मी रॉस्कोच्या खोलीत बसले, त्याच्याच टाइपरायटरवर, त्याच्याच उरलेल्या पिवळ्या कागदावर शेवटचं पान लिहिलं आणि गड्डीच्या तळाशी सरकवलं. कुणाला बोलले नाही. आयव्हालाही नाही. ती आनंदाने म्हणाली, "मिळालं का गं पान?" आणि मी मान हलवली.

त्या पानाची शेवटची ओळ आहे: "देव मेले, राजे मेले. वाट अजून आहे, आणि पायांत बळ आहे."

आता ती ओळ कुठे नाही? शर्टांवर आहे, चहाच्या मगांवर आहे. जूनच्या त्या शनिवारी रॉस्कोच्या व्हरांड्यावर ही गोष्ट वाचतात, तेव्हा शेवटचं पान आलं की सगळे उठून उभे राहतात आणि एका आवाजात ती म्हणतात. बायको गेली त्या वर्षी हेक्टरने ती दंडावर गोंदवून घेतली. अडतीस वर्षं मी या व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी राहून ती ऐकतेय, आणि दर वेळी मान खाली घालते. आणि खरं सांगायचं तर, दर वेळी थोडं बरंही वाटतं. ते बरं वाटणंच जास्त वाईट आहे.

दुसरं एक पान होतं, तेही सांगायला हवं. याच गोष्टीच्या मध्ये एक कागद पेन्सिलीने लिहिलेला होता, रॉस्कोच्या बारीक तिरक्या अक्षरात. तो मी कचेरीत नेला, माझ्या मशीनवर पांढऱ्या कागदावर टाइप केला आणि गड्डीत मध्ये घातला. त्यात हाल्ड्रक एका गुलाम पोरीला सोडवून गुहेत लपला आहे, ती तापाने फणफणलीय. "हाल्ड्रकने तलवार भिंतीला टेकवली. पोरीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्याने हाडाची फणी घेतली, केस मुळाशी मुठीत घट्ट धरले, म्हणजे ओढ मुठीला बसेल, डोक्याला नाही, आणि टोकाकडून एकेक गुंता सोडवत बसला. बाहेर मांत्रिकाचे ढोल वाजत होते. वाजू देत, तो म्हणाला."

ही आयव्हाची गोष्ट. ती अकरा वर्षांची असताना दोन महिने तापाने अंथरुणाला खिळली होती. आई केस कापायला निघाली, रॉस्कोने कापू दिले नाहीत. गोदामातून आला की तो तिचे केस विंचरायचा. म्हणून दरवर्षी व्हरांड्यावर हे पान वाचलं जातं, आणि आयव्हा आपल्या खुर्चीत डोळे मिटून ऐकते. तिचं वर्षभरातलं सुख म्हणाल तर तेवढंच. लग्न नाही, मूलबाळ नाही. आता ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही.

ती मला अधूनमधून विचारायची, "नेल्डा, ते पेन्सिलीचं पान परत नाही का गं येणार? त्याच्या अक्षरातलं." मी म्हणायची, "न्यूयॉर्कला आहे, मिस आयव्हा. येईल कधीतरी."

या वर्षी शुक्रवारी दुपारी थॅडियस ब्लेकली आला. ओहायोचा हा माणूस शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, आणि बाकी सगळा जीव रॉस्कोत. या लोकांचं एक वेड असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. जुन्या लेखकाच्या मजकुरात नंतरच्या संपादकांनी जे जे घुसडलं ते सगळं शोधून काढून टाकायचं. एक स्वल्पविरामही परक्याचा राहू द्यायचा नाही. थॅडियस सहा वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात रॉस्कोच्या कागदांची खोकी उपसत होता. आता त्याची शुद्ध आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती.

मी त्याला गार चहा दिला. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले, साखरेचं भांडं नीट बाजूला ठेवून.

"मॅडम, 'खाऱ्या सरोवरा'ची मूळ गड्डी मिळाली. सगळी पानं पिवळी, सगळी रॉस्कोच्या मशीनची. त्याच्या मशीनचा इंग्रजी 'जी' किंचित खाली बसतो, बघा. शेवटच्या पानावरसुद्धा तसाच. म्हणजे शेवटचं पान शंभर टक्के त्याचं. काहींना शंका होती, मी ती कायमची मिटवली."

"बरं," मी म्हणाले.

"पण मध्ये हे एक पांढरं पान आहे. वेगळा कागद, वेगळं मशीन. फणीचं पान." त्याने आवाज खाली आणला. बिचारा, मला लाज वाटू नये म्हणून. "गड्डी तुम्ही लावली होतीत, मला माहीत आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. तेव्हाचे संपादक म्हणाले असतील, बायकांनाही आवडेल असं काहीतरी घाला. बरोबर ना? आणि वाचूनही कळतं हो. रॉस्को असं मऊ लिहीत नाही. हाल्ड्रक आणि केस विंचरणार?"

मी काय म्हणावं? तोंड उघडायचं तर दोन्ही पानांबद्दल उघडायला हवं होतं. एकाबद्दल खरं सांगितलं तर दुसऱ्याबद्दलचं खोटं टिकणार नव्हतं. त्याच्या कागदांवर माझी नजर खिळली होती आणि माझ्याच तोंडून आलं, "असेल."

"थँक यू, मॅडम. एवढंच हवं होतं." त्याने पेनाने काहीतरी टिपून घेतलं. जाता जाता सांगितलं की रॉस्कोच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं त्यांच्या वाचक मंडळाने ठरवलंय, त्यावर ती शेवटची ओळ कोरायची. कारागीर सोमवारी सुरुवात करणार.

तो गेल्यावर मी त्याचा पेला धुतला, मग पुन्हा धुतला. असेल म्हणे. रॉस्कोचं एकुलतं एक मायेचं पान मी त्याच्या नावावरून पुसायला दिलं, आणि माझी फुशारकी त्याच्या छातीवर दगडात कोरायला दिली. एका शब्दात. रागाने मी कपाट आपटलं, आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना.

शनिवारी साठेक माणसं होती. हेक्टरने भल्या पहाटेपासून धुरावर ठेवलेलं ब्रिस्केटचं मांस कापलं, कुणी बटाट्याचं सॅलड आणलं, कुणी पीचचं गोड कॉबलर. लग्नाच्या वाढदिवसाला आलेलं एक जोडपं होतं, दोघांच्या शर्टांवर हाल्ड्रक. एका बाईने मला विचारलं, "तुम्ही रॉस्कोला ओळखायचात?" मी म्हटलं, "तो गेला तेव्हा मी जन्मलेही नव्हते." ती हिरमुसली.

वाचन सुरू झालं. एकेकाने एकेक पान वाचायचं अशी आमची पद्धत. गुहा आली, पोरीचा ताप आला, आणि पुढच्या वाचणाऱ्याने एकदम मांत्रिकाच्या हल्ल्यापासून सुरुवात केली. थॅडियसने यादीतून पान काढलं होतं.

आयव्हाने डोळे उघडले. "राहिलं," ती म्हणाली.

वाचणारा थांबला. "काय राहिलं, मिस आयव्हा?"

"माझं राहिलं. फणीचं."

सगळे थॅडियसकडे बघायला लागले. तो उठला, तिच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. माणूस वाईट नाही हो तो. "मिस आयव्हा, ते पान तुमच्या भावाचं नाही. दुसऱ्याच कुणीतरी नंतर घातलेलं आहे. मी सगळं तपासलंय. नेल्डा मॅडमनाही विचारलं."

आयव्हाने मान वळवून मला शोधलं. मी कोपऱ्यात, चहाच्या पिंपाआड.

"नेल्डा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती. त्यापेक्षा ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ते रॉस्कोचंच आहे," मी म्हणाले. "पेन्सिलीने लिहिलेलं होतं, मी फक्त टाइप केलं. थॅडियस, शेवटचं पान माझं आहे. त्याच्या मशीनवर, त्याच्या कागदावर, मी लिहिलं. त्याचं शेवटचं पान कधी सापडलंच नाही."

मग थॅडियस हसला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "मॅडम, मिस आयव्हांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही—"

"थांब इथेच," मी म्हणाले, आणि रस्ता ओलांडून घरी गेले. कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. तो आणला आणि त्याच्या हातात दिला. आत तीन पिवळे कागद. शेवटच्या पानाचे माझे तीन कच्चे खर्डे, त्याच मशीनचे, तोच 'जी' खाली बसलेला, आणि समासात माझ्या अक्षरातल्या खाडाखोडी. पहिल्या खर्ड्यात ती ओळ अशी होती: "देव मेले, राजे मेले, आणि मी फार दमलोय." मीच ती खोडली होती. दमलेला हाल्ड्रक न्यूयॉर्कला चालला नसता.

थॅडियसने तिन्ही कागद उन्हात धरून बघितले. पायरीवर बसलाच तो.

हेक्टर पुढे आला. शर्टाची बाही दंडापर्यंत दुमडलेली, ओळ दिसत होती. "म्हणजे हे तुमचं, मिस नेल्डा?"

"हो."

"अडतीस वर्षं?"

"हो."

"मी हे माझ्या रोझाच्या कबरीवर म्हटलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मरायला टेकलेल्या माणसाने लिहिलंय, त्याला माहीत असणार." त्याने बाही खाली ओढली आणि बटण लावलं. जून महिना, अंगाची लाही होत होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर तो ब्रिस्केटच्या टेबलाकडे निघून गेला होता.

"ठीक आहे," थॅडियस अखेर म्हणाला. "शेवटचं पान काढतो. दगडाचंही थांबवतो. पण फणीचं पान घेता येणार नाही."

"का? सांगितलं ना तुला, ते त्याचं आहे."

"तुम्ही सांगितलंत." तो कडवटपणाने बोलत नव्हता, हिशेब मांडत होता. "काल तुम्ही 'असेल' म्हणालात. आज हे म्हणता. ज्या बाईने एक पान त्याच्या नावावर लिहिलं, ती दुसरं का नाही लिहिणार? आणि केस विंचरायचा, हे मिस आयव्हांनी तुम्हाला सांगितलेलं असू शकतं. मला पेन्सिलीचा कागद दाखवा, मी सोमवारी छापखाना थांबवतो. कुठे आहे तो?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. आयव्हा तिथेच बसली होती. मी म्हणाले, "नाही माझ्याकडे." त्याने मान हलवली. शेवटी त्याने ते पान पुस्तकाच्या अगदी मागे, बारीक अक्षरात घेतलं. खाली टीप: लेखक अनिश्चित, टाइपिस्टने घातल्याची शक्यता.

त्या दिवशी शेवटी कुणी उभं राहिलं नाही, कुणी ओळ म्हटली नाही. ते पानच उरलं नव्हतं ना. माणसं कागदी ताटल्या आवरून, माझी नजर चुकवून निघून गेली. लग्नाच्या वाढदिवसाची बाई रडत होती. ऊन अजून तिरकं व्हरांड्यावर होतं, तोवर सगळं मोकळं झालं, मी आणि आयव्हा तेवढ्या उरलो.

"वाऱ्याने डोकं काय झालंय तुझं," आयव्हा म्हणाली. "ये इकडे."

मी तिच्या खुर्चीपुढे खालच्या पायरीवर बसले. चौसष्ट वर्षांची बाई मी, गुडघे कुरकुरले. तिच्या पिशवीत नेहमी एक कंगवा असतो. तिने माझे केस मागे घेतले, मुळाशी मुठीत धरले आणि टोकाकडून विंचरायला लागली. ओढ जाणवतच नव्हती. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नसेल, पण हाताला हे आठवत होतं. थॅडियसला हाक मारून दाखवावं असं वाटलं, आणि लगेच कळलं की याचाही उपयोग नाही. ती हे वर्षानुवर्षं माझ्याच टाइप केलेल्या पानातून ऐकत आलीय, असं तो म्हणेल. तिच्या भावाची ही मूठसुद्धा मी संशयास्पद करून ठेवली होती.

"नेल्डा," ती म्हणाली. "ते पेन्सिलीचं पान. न्यूयॉर्कला नाही ना गं?"

"नाही."

"मग काय केलंस त्याचं?"

आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या डब्यातले तीन कागद दाखवताना इतकी लाज वाटली नव्हती.

"टाइप करून झालं, आणि कचेरीतल्या केराच्या टोपलीत टाकलं," मी म्हणाले. "मला वाटलं, आता काय कामाचं. त्याचं टाकलं, मिस आयव्हा. आणि माझी तिन्ही जपून ठेवली."

तिचा हात थांबला. माझ्या डोक्यामागे तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी डोळे गच्च मिटले, कंगवा बाजूला ठेवल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिले.

मग केसांच्या मुळाशी तिची मूठ आणखी घट्ट झाली, ओढ मला बसू नये अशी, आणि ती पुढचा गुंता सोडवायला लागली.